एक-चौदावर नाव आहे म्हणून हद्दही ठरली?

‘एक-चौदाच्या उताऱ्यावर आमचे नाव आहे, सर्व्हे नकाशात रेघ आहे, मग मेर तिथेच!’ गोव्यात भाटाच्या (बागायतीच्या) कुंपणावरून दोन शेजारी भांडले की हे वाक्य हमखास ऐकू येते (एक-चौदा म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा, मेर म्हणजे हद्द). ते अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्यापायी घरोघरचे संबंध तुटलेले पाहून जीव तुटतो.

गोव्याच्या १९६८च्या जमीन महसूल संहितेतील कलम १०५नुसार हक्कनोंदी खऱ्या मानल्या जातात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी त्या नोंदीतून जन्मत नाही. ती खरेदीखत, वाटणी, वारसा यांतून येते. पोर्तुगीज काळातल्या नोंदणीच्या जुन्या दस्तऐवजांत तर क्षेत्रफळापेक्षा ‘पूर्वेला अमक्याचे भाट, पश्चिमेला ओहोळ’ अशा चतुःसीमाच बोलतात. म्हणून ते कागद जपून ठेवा, रद्दी समजू नका.

नकाशावरची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर दाखवून घ्यायची असेल, तर भूमापन खात्याकडून मोजणी होते. दोघांनी ती मानली, तर उत्तमच. मात्र रेघच चुकली असा दावा असेल किंवा मालकीच वादात असेल, तर निवाडा दिवाणी न्यायालयाचा. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६, नियम ९खाली आयुक्त, म्हणजे न्यायालयाच्या वतीने पाहणी करणारी व्यक्ती, नेमून जागेची पाहणी करून घेता येते. हा अर्ज वेळेवर करा. शेजाऱ्याला नोटीस देऊन, त्याच्यासमोर झालेली मोजणी कोर्टात टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.