विक्रम टेलर स्विफ्टचा, फूटपट्टी कुणाची?

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचा ‘एराज टूर’ हा दौरा ८ डिसेंबर २०२४ला व्हँकूव्हरमध्ये संपला आणि हिशेब जाहीर झाला: १४९ कार्यक्रम, १ कोटी १ लाख ६८ हजार तिकिटं, सुमारे २०८ कोटी डॉलरची तिकीटविक्री. मार्च २०२३मध्ये हा दौरा सुरू झाला तेव्हा जगातल्या एकाही संगीत दौऱ्याने १०० कोटी डॉलरचा टप्पा गाठलेला नव्हता. असं यश पूर्वी कुणाला मिळालंच नाही, हे तिच्या चाहत्यांचं म्हणणं. त्यावर १९६०च्या दशकातल्या बीटल्स या ब्रिटिश बँडचे चाहते हसतात आणि विचारतात, १९६४ साली तुम्ही होता कुठे? पंचाईत अशी की आकडे दोन्ही बाजूंकडे आहेत आणि ते खोटेही नाहीत.

भांडण बहुधा अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीवरून पेटतं. ४ एप्रिल १९६४च्या ‘हॉट १००’मध्ये पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या होत्या. पुढे ५७ वर्षं हे कुणाला जमलं नाही. मग २०२१मध्ये रॅपर ड्रेकने पहिल्या दहापैकी नऊ जागा घेतल्या, २०२२मध्ये स्विफ्टने दहाच्या दहा आणि २०२४मध्ये तिनेच पहिल्या चौदा. अर्ध्या शतकाहून अधिक काळ न घडलेली गोष्ट चार वर्षांत किमान तीनदा घडते, तेव्हा कलावंताआधी मोजणी तपासावी.

१९६४ची यादी सिंगल, म्हणजे सुटं गाणं विकणाऱ्या तबकड्यांची विक्री आणि रेडिओवरचं वाजणं यांवरून बनायची. सिंगल म्हणून विकायला न ठेवलेलं गाणं यादीत येऊच शकत नसे. हा नियम १९९८च्या डिसेंबरपर्यंत टिकला. मग बीटल्सची पाच गाणी एकदम बाजारात आली कशी? अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीने १९६३मध्ये त्यांची गाणी नाकारली, म्हणून ती छोट्या कंपन्यांकडे गेली. १९६४मध्ये लाट उसळली आणि ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दुकानात आणलं. त्या आठवड्यातली पाच गाणी चार वेगवेगळ्या लेबलांची होती. कुठल्याही शहाण्या कंपनीने आपलीच पाच गाणी अशी एकमेकांसमोर उभी केली नसती. म्हणजे तो विक्रमसुद्धा थोडा गोंधळातूनच जन्मला.

आज अल्बम आला की चाहता तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि प्रत्येक गाण्याचं प्रत्येक वाजणं मोजलं जातं, त्यामुळे अख्खा अल्बम एकगठ्ठा यादीत चढतो. पूर्वी तबकडी एकदा विकत घेतली की एकच नोंद, मग ती घासून गुळगुळीत होईपर्यंत वाजवा. त्यातही १९९१पर्यंत विक्रीचा अंदाज दुकानदारांना विचारून बांधला जायचा. दुकानदार काय सांगेल ते खरं. त्या वर्षी बारकोडवरून मोजणी सुरू झाली आणि कंट्री व रॅप संगीत यादीत एकदम वर सरकलं. श्रोते तेच होते, फक्त आता ते मोजले जात होते.

फूटपट्टी शक्य तितकी सारखी ठेवून पाहू. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या स्विफ्टच्या अल्बमने पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे ३४.८ लाख प्रती खपवल्या. ब्रिटिश गायिका ॲडेलच्या २०१५च्या अल्बमचा विक्रम ३३.८ लाखांचा होता, तो मोडला. पण मधल्या दहा वर्षांत अमेरिकेची लोकसंख्याही सुमारे ३२.१ कोटींवरून ३४.२ कोटींवर गेली. भागाकार केला तर ॲडेल १.०५ टक्के, स्विफ्ट १.०२ टक्के. शिवाय स्विफ्टचा अल्बम तीसहून अधिक वेगवेगळ्या आवृत्त्यांत निघाला होता आणि एकच चाहता चारचार घेत होता. उलट बाजूही सांगायला हवी: २०१५मध्ये सीडी विकत घेणं ही अजून नेहमीची गोष्ट होती, ॲडेलचा अल्बम तेव्हा स्ट्रीमिंगवर नव्हताच, आणि २०२५मध्ये फुकट ऐकता येणारी वस्तू लोक पैसे मोजून घेत होते. मला तरी इथे बरोबरी दिसते.

विक्रमांचं एक छोटंसं गणितही आहे. दर वर्षी सारख्याच नियमांनी, एकमेकांशी संबंध नसलेले आकडे येत असतील, तर पहिलं वर्ष आपोआप विक्रमी ठरतं. दुसऱ्या वर्षी विक्रम होण्याची शक्यता एक द्वितीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश, शंभराव्या वर्षी एक शतांश. ही सगळी बेरीज केली तर शंभर वर्षांत सरासरी पाचच्या आसपास विक्रम निघतात, आणि त्यातले बहुतेक सुरुवातीलाच. म्हणजे काहीच बदललं नाही तर विक्रम विरळ होत जायला हवेत. ते सतत मोडत असतील तर खेळाचं मैदानच वर उचललं जातंय, असा त्याचा अर्थ.

दौऱ्यांच्या कमाईत हेच दिसतं. रोलिंग स्टोन्स २००७मध्ये ५५.८ कोटी डॉलर, यू टू २०११मध्ये ७३.६ कोटी, एड शीरन २०१९मध्ये ७७.६ कोटी, एल्टन जॉन २०२३मध्ये ९३.९ कोटी. प्रत्येक वेळी वाढ पाच ते बत्तीस टक्क्यांची. मग स्विफ्टची उडी: थेट १२१ टक्के, तीही एल्टन जॉनच्या निम्म्याहून कमी कार्यक्रमांत. नुसतं मैदान वर गेलं एवढ्याने या उडीचा उलगडा होत नाही. इथे स्विफ्टच्या बाजूचा मुद्दा खरोखर भक्कम आहे.

पण ती उडी कशाची आहे? शीरनच्या दौऱ्याची ८९ लाख तिकिटं खपली होती, स्विफ्टची त्याहून फक्त १४ टक्के जास्त. शीरनचं तिकीट सरासरी ८७ डॉलरचं, स्विफ्टचं २०४ डॉलरचं. महागाई वजा केली तरी जवळजवळ दुप्पट. श्रोते थोडे वाढले, प्रत्येक श्रोत्यामागचा पैसा खूप वाढला. १९६५मध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५,६०० लोकांसमोर गायले, तिकीटविक्री ३ लाख ४ हजार डॉलर, म्हणजे माणशी साडेपाच डॉलर. एराज टूरच्या काळातल्या किमतीत ते त्रेपन्न-चोपन्न डॉलरच्या आसपास जातात. लोक त्याच संख्येने स्टेडियम भरतात, भाव चौपट.

अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी याचं कारण ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या एका भाकितात शोधलं. संगीत नळाच्या पाण्यासारखं होईल, तेव्हा गायकांनो, भरपूर दौरे करायची तयारी ठेवा, असं बोवी २००२मध्ये म्हणाला होता. तबकड्या विकून पैसा मिळायचा तोवर स्वस्त तिकीट ही एक प्रकारची जाहिरात होती. तो पैसा आटला आणि तिकीट हाच मुख्य माल झाला. क्रूगर यांच्याच हिशेबाने १९८२मध्ये कार्यक्रमांच्या एकूण कमाईतला २६ टक्के वाटा वरच्या १ टक्का कलावंतांकडे जायचा. २०१७मध्ये तो ६० टक्के झाला. शिखर उंच झालंय यात वाद नाही, पण पायथ्याची माती खणून.

ही माती वर कशी सरकते, हे सॅलगानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांच्या २००६च्या प्रयोगात छान दिसतं. चौदा हजारांहून अधिक लोकांना त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली आणि हवी ती उतरवून घ्यायला सांगितलं. काहींना इतरांच्या डाउनलोडचे आकडे दिसत नव्हते; बाकीच्यांना आठ स्वतंत्र गटांत वाटून फक्त आपापल्या गटाचे आकडे दाखवले. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली, आणि कुठलं गाणं वर जाईल याचा भरवसा मात्र कमी झाला. एकच गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. अगदी टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत, एवढाच काय तो न्याय. आज प्रत्येक ॲपवर हे आकडे चोवीस तास डोळ्यांसमोर असतात.

आणि वेड? ते तरी नवं आहे का? स्वीडिश गायिका जेनी लिंड १ सप्टेंबर १८५०ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली तेव्हा हजारोंची झुंबड उडाली. ध्वनिमुद्रणाचा शोध लागायला अजून सत्तावीस वर्षं होती. त्या गर्दीतल्या जवळपास कुणीही तिचा आवाज ऐकलेला नव्हता. तिला बोलावणाऱ्या पी. टी. बार्नम या अमेरिकन तमाशेवाल्या व्यावसायिकानेही नाही! त्याने तिचं गाणं न ऐकताच १ लाख ८७ हजार ५०० डॉलर आगाऊ जमा केले आणि वर्तमानपत्रांतून आठवडेच्या आठवडे हवा केली. पहिल्या कार्यक्रमाची तिकिटं लिलावात निघाली. पहिलं तिकीट जेनिन नावाच्या टोपीविक्याने २२५ डॉलरला घेतलं, आणि ते गाण्याच्या ओढीने नव्हे तर दुकानाचं नाव व्हावं म्हणून, ते झालंही. साध्या मजुराला तेव्हा दिवसाकाठी एखादा डॉलर मिळायचा. लिंडच्या नावाचे हातमोजे, टोप्या, पलंग खपत होते. जाहिरातीतून उभी राहिलेली हवा, तिकिटांचे आकाशाला भिडलेले भाव, गायिकेच्या नावाचा माल: सगळं १८५०मध्येच होऊन गेलंय.

सगळ्यांचं लक्ष एकाच वेळी वेधून घेण्याची गोष्ट काढली तर स्विफ्ट हरते. ९ फेब्रुवारी १९६४च्या रात्री अमेरिकेत ७ कोटी ३० लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर बीटल्स पाहिले. लोकसंख्या होती १९ कोटींच्या घरात, म्हणजे दर पाचांत जवळपास दोघे. वाहिन्या मोजून तीन होत्या, हे खरं. पण म्हणूनच एवढं लक्ष एकाच वेळी वेधून घेणं आज फार अवघड आहे.

तरीही एक गोष्ट अशी आहे जिच्यापुढे मी ‘अभूतपूर्व’ हा शब्द बिनदिक्कत लिहीन, आणि तिची चर्चा दौऱ्याच्या मानाने कमी होते. २०१९मध्ये स्विफ्टची जुनी कंपनी विकली गेली आणि पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क दुसऱ्याच्या हाती गेले. तिने जुने अल्बम नव्याने गायला घेतले. ही युक्ती तिची नव्हे. कंपनी बदलल्यावर एव्हर्ली ब्रदर्स या अमेरिकन गायक भावांनी हे केलं, गायक फ्रँक सिनात्रानेही केलं. पण लोक मूळ तबकड्याच ऐकत राहिले. स्विफ्टचे २०२१ ते २०२३मध्ये आलेले असे चारही अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. लोकसंख्येने भागा, आवृत्त्यांची संख्या वजा करा, तरी हा निकाल फिरत नाही. तिच्या २०१४च्या एका अल्बमच्या पहिल्या आठवड्यात १२.८७ लाख प्रती खपल्या होत्या. नऊ वर्षांनी, तबकड्यांचा बाजार आणखी आक्रसलेला असताना, त्याच गाण्यांचं नवं ध्वनिमुद्रण पहिल्या आठवड्यात १३.५९ लाख खपलं, आणि यात स्ट्रीमिंग धरलेलंच नाही.