एकच वजनकाटा, दोन वेगळी कामं: शाळेतलं सर्वेक्षण आणि स्क्रीनिंग

शाळेत वजनकाटा आला, मुलांची रांग लागली, कुणीतरी वहीत आकडे टिपून घेतले. एवढ्यावरून तिथे नेमकं काय चाललंय हे सांगता येत नाही. ते सर्वेक्षण असेल किंवा स्क्रीनिंग असेल. काटा तोच, उंचीची पट्टी तीच, आकडेही तेच. फरक एवढाच की सर्वेक्षणाचं उत्तर आरोग्य खात्याला हवं असतं आणि स्क्रीनिंगचं त्या मुलाच्या आईवडिलांना. मुलांच्या लठ्ठपणाबाबत शाळांनी काय करावं यावर जे वाद झडतात, त्यातले बरेचसे या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच होतात, असं माझं मत आहे.

सर्वेक्षणाचा प्रश्न समूहाचा असतो. या भागातल्या दहा वर्षांच्या मुलांपैकी किती जणांचं वजन जास्त आहे? पाच वर्षांपूर्वीपेक्षा प्रमाण वाढलं की घटलं? कोणत्या वस्त्यांत जास्त दिसतं? याला नाव लागत नाही. वय, मुलगा की मुलगी, उंची आणि वजन एवढं पुरतं. सगळ्यांना मोजायचीही गरज नसते, नीट निवडलेला नमुना चालतो. खेळायला जागा कुठे हवी, पैसा कुठे घालायचा हे त्यावरून ठरतं आणि कुणाच्या घरी चिठ्ठी जात नाही.

स्क्रीनिंग म्हणजे वरवर ठणठणीत दिसणाऱ्या मुलांतून ज्यांना पुढे धोका असू शकेल अशी मुलं नावानिशी बाजूला काढणं आणि त्यांना पुढच्या तपासणीला पाठवणं. तेही निदान नव्हेच, नुसता संशय. पण संशय एका विशिष्ट मुलावर घेतलेला असतो, त्यामुळे इथे आकड्याची किंमत एकदम चढते.

दहा वर्षं पूर्ण झालेला एक मुलगा घ्या. वजन ३६ किलो, उंची १३० सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, येतो २१.३. मोठ्या माणसाचा एवढा आला तर कुणी दुसऱ्यांदा बघणारही नाही. मुलांना मात्र एकच मर्यादा लावता येत नाही. वय आणि लिंगाप्रमाणे तक्ता बघावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यासाठी १८.५ च्या पुढे जास्त वजन आणि २१.४ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणजे आपला मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या जेमतेम अलीकडे आहे. आता मोजताना त्याने गुडघे जरा वाकवले, मान खाली घातली आणि उंची १२८ भरली. बीएमआय झाला जवळपास २२, आणि मुलगा रेषेपलीकडे गेला. जन्मतारीख न बघता इयत्तेवरून वय अंदाजे धरलं तरी असाच घोळ होतो, कारण अकरा पूर्ण झालेल्या मुलग्यासाठी तीच रेषा २२.५ वर असते.

हजारो मुलांच्या सर्वेक्षणात अशा चुकांनी फारसं बिघडत नाही. कुणाची उंची कमी भरते, कुणाची जास्त, आणि एकूण चित्र बऱ्यापैकी खरं राहतं. स्क्रीनिंगमध्ये तीच चूक एका मुलाच्या नावावर चढते. म्हणून तिथे बूट काढून, टाचा आणि पाठ पट्टीला टेकवून, नजर समोर सरळ ठेवून मोजायचं, आणि रेषेच्या आसपास असेल तर पुन्हा मोजायचं. आकडा मोठ्याने पुकारायचा नाही. हे शेवटचं दोन्हीकडे लागू आहे, पण पाळलं जात नाही. रांगेतल्या पुढच्या चार मुलांना वजन ऐकू गेलं की मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलाला टोपणनाव मिळालेलं असतं.

बरं, आकडा अचूक आला तरी बीएमआय म्हणजे धोका नव्हे. तो चरबी मोजत नाही. पिळदार मुलाचा जास्त येऊ शकतो. उलट दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत तुलनेने कमी बीएमआयलाही शरीरातल्या चरबीचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे खऱ्या स्क्रीनिंगला दुसरी पायरी लागते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, घरात कुणाला मधुमेह आहे का, मूल झोपेत घोरतं का, खुबा किंवा गुडघा दुखतो का, आणि रक्तदाब किती. रक्तदाबात एक ठरलेली फसगत आहे. दंडाच्या मानाने पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो, आणि जाड दंडाच्या मुलाला नेमका तोच पट्टा बांधला जातो. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी. शिवाय एकदा जास्त आला म्हणून उच्च रक्तदाबाचं लेबल लागत नाही. त्यासाठी तीन वेगवेगळ्या भेटींत तो जास्त यावा लागतो.

आणि मान बघायची, मागून. तिथली किंवा काखेतली त्वचा काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर त्याला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. घरी तो मळ समजला जातो, आणि रोज आंघोळीला घासून घासून पोराची मान लाल होते तरी रंग जात नाही. अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या काही भागांत शाळांनी ही खूण बघावी असा कायदाच आहे. याला ना यंत्र लागतं, ना रक्त काढावं लागतं.

रक्ततपासणी शाळेत करायची नसते, ती डॉक्टरांकडे. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनुसार लठ्ठपणा असलेल्या दहा वर्षांवरच्या मुलांची साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताचं एएलटी हे एन्झाइम बघतात.

पण दुसऱ्या पायरीनंतर काय? १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगचे दहा निकष मांडले. त्यातला एक असा की निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे. सर्वेक्षणाला ही अट नाही, स्क्रीनिंगला आहे, आणि घोडं इथेच पेंड खातं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने (आजार टाळण्यासाठी शिफारशी करणारा हा तज्ज्ञगट) २०२४ मध्ये लठ्ठपणा असलेल्या सहा वर्षांवरच्या मुलांसाठी जे उपाय सुचवले, त्यात मूल आणि कुटुंबाला मिळून किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन धरलेलं आहे. 'वजन कमी करा' अशी एक ओळ लिहिलेली चिठ्ठी म्हणजे हे नव्हे.

दोन जुने कार्यक्रम या फरकाच्या दोन टोकांना सुरू झाले. अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्याने २००३ च्या कायद्याने शाळेत बीएमआय मोजून प्रत्येक पालकाला कळवायला सुरुवात केली. पुढे २००७ मध्ये दरवर्षीऐवजी एकाआड एक इयत्ता मोजायचं ठरलं आणि पालकांना लेखी नकार देण्याची मुभा मिळाली. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून ४-५ आणि १०-११ वर्षांच्या मुलांचं मोजमाप होतं. त्याचा मूळ हेतू सर्वेक्षणाचा होता. घरी निकाल कळवण्याची पद्धत नंतर आली. ती आल्यावर एकाच मोजमापाकडून दोन्ही कामांची अपेक्षा होऊ लागली आणि पालकांचा रागही वाढला, कारण आकडा कळतो पण पुढे काय हे दर ठिकाणी सारखं नसतं.

पत्राचा उपयोग होतो का, हे कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांत नीट ताडून पाहिलं गेलं. काही शाळांत मोजून घरी कळवलं, काहींत मोजलं पण कळवलं नाही, काहींत मोजलंच नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, घरी कळवल्याने मुलांच्या बीएमआयमध्ये फरक पडला नाही. शाळेत वजन झालेल्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी मात्र थोडी जास्त वाढली. मला हा निकाल स्क्रीनिंगच्या विरोधात वाटत नाही. पत्रावरच थांबणाऱ्या स्क्रीनिंगच्या विरोधात तो आहे.

तेव्हा शाळेकडे पुढे पाठवायला डॉक्टर नसेल, तर नाव न लिहिता सर्वेक्षण करावं आणि ते चोख करावं. त्यात कमीपणा काही नाही. नावानिशी करायचं असेल तर निकाल मुलाच्या हाती न देता बंद लिफाफ्यात पालकांकडे जावा, आणि त्यात पुढच्या तपासणीची जागा आणि वेळ लिहिलेली असावी. पालकांनीही संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारावं: नाव लिहिणार का, आकडा कोण बघणार, जास्त आला तर आम्ही कुठे जायचं? तिसऱ्या प्रश्नाला शाळा अडखळली, तर ते स्क्रीनिंग नाही असं खुशाल समजावं. चिठ्ठी आलीच असेल तर मुलासमोर त्यावर चर्चा न करता डॉक्टरांकडे उंची-वजन पुन्हा मोजून घ्यावं, सोबत जन्मतारीख आणि आधीची मोजमापं न्यावीत. एका आकड्यापेक्षा वाढीचा आलेख किती चढला हे जास्त सांगून जातं.

ज्या मुलाला आधीच त्रास होतोय ते या दोन्हींत बसत नाही. सारखी तहान, वारंवार लघवी, सुटलेली सवय परत येऊन रात्री अंथरूण ओलं होणं, काही कारण नसताना वजन उतरणं, असं काही दिसलं तर शाळेच्या तपासणीची वाट बघायची नाही; त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन साखर तपासून घ्यायची, मूल जाड असो की बारीक.