प्रवेशवास्तू, आधुनिकतावादी विद्यापीठ संकुलांतील

विसाव्या शतकाच्या मध्यास आधुनिकतावादी शैलीत उभारलेल्या आणि आता वारसा मानल्या जाणाऱ्या विद्यापीठ संकुलात, येणाऱ्याजाणाऱ्याला सामावून घेण्यासाठी नंतर घातलेली इमारत. स्वागतकक्ष, उपाहारगृह, दुकाने, विद्यार्थ्यांच्या बसण्याउठण्याच्या जागा असे बरेच काही तिच्यात एकवटलेले असते.

जुन्या विद्यापीठांना अशा इमारतीची गरज नव्हती. मुंबईच्या फोर्टमधील राजाबाई मनोरा (१८७८) दुरूनच विद्यापीठाचा ठाव सांगतो. आधुनिकतावाद्यांनी मात्र कमान, मनोरा आणि मुख्य दर्शनी बाजू हे सारे बहुधा हेतुपुरस्सर टाळले. अशा संकुलांत अनेकदा इमारती एका मापाच्या, मधली मोकळी जागा सलग, आणि आत शिरायला अमुक एक वाट नाही. काराकास (२०००) आणि मेक्सिको सिटी (२००७) येथील विद्यापीठ संकुले जागतिक वारसा यादीत गेली आहेत. वारशाचा शिक्का बसला की तेथे नवी भिंत घालणेही वादाचे होते.

या पेचाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे शिकागोची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहे १९३८ मध्ये तेथील वास्तुकला विभागाचे प्रमुख झाले. २४ फुटांच्या चौकटजाळीवर त्यांनी संकुलाचा आराखडा बेतला. काळा रंग दिलेले पोलाद, फिकट वीट आणि काच एवढ्यावरच सारे बांधकाम उभे राहिले. संकुलाची ही जागा मुळात मोकळी नव्हती, हेही नोंदवायला हवे. १९५६ मध्ये पूर्ण झालेला क्राउन हॉल जिथे आहे, तिथे मेका फ्लॅट्स ही कृष्णवर्णीय कुटुंबांनी भरलेली चाळवजा इमारत होती. ती १९५२ मध्ये पाडण्यात आली.

संकुलाच्या मधून उन्नत रेल्वेमार्ग जातो. पश्चिमेला वर्ग, पूर्वेला वसतिगृहे, आणि मध्ये गाड्यांचा खडखडाट व वाहनतळ. १९९० च्या दशकात विद्यार्थी घटल्यावर संस्थेने संकुल सोडून उपनगरात जाण्याचाही विचार केला होता. तो मागे पडला आणि रुळांखालच्या या ओसाड पट्ट्यावर विद्यार्थी केंद्र बांधायचे ठरले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत झाहा हदीद, पीटर आयझेनमान, हेल्मुट यान, काझुयो सेजिमा व र्‍यूए निशिझावा आणि रेम कूलहास हे वास्तुकार होते. १९९८ मध्ये कूलहास यांची निवड झाली. त्यांचे हे केंद्र, मॅककॉर्मिक ट्रिब्यून कॅम्पस सेंटर, २००३ मध्ये खुले झाले.

कूलहास यांनी आधी विद्यार्थी त्या पट्ट्यावरून कुठून कुठे चालत जातात हे टिपले आणि त्याच तिरप्या पायवाटांना इमारतीच्या आतल्या गल्ल्या केले. त्यामुळे मीस यांच्या काटकोनी संकुलात तिरक्या रेषा आल्या, पण त्या लहरीपणाने नव्हे. रुळांभोवती सुमारे ५३० फूट लांबीची, पन्हळी स्टेनलेस स्टीलने मढवलेली नळी बसवली. गाडीचा आवाज तीत बराच दबतो, आणि तिच्या भाराने वाकल्यासारखे छप्पर मधोमध खाली झुकते. एका दर्शनी काचेवर बारीक मानवी चिन्हांनी साकारलेला मीस यांचा प्रचंड चेहरा आहे. सरकते दार उघडले की माणसे थेट त्या चेहऱ्यातून आत शिरतात. आदर की खोडी, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते दारावरची गंमत पुढेमागे जुनी वाटेल, पण वाटांची योजना टिकेल.

खरा वाद झाला तो मीस यांच्या १९५३ च्या कॉमन्स या भोजनगृहाच्या इमारतीवरून. नव्या केंद्राने तिला कवेत घेतल्याने ती स्वतंत्रपणे दिसत नाही, अशी जतनवाद्यांची हरकत होती. मात्र बाजूला एकटी सोडली असती तर ती जुन्या वाहनतळालगत तशीच पडून राहिली असती. आत घेतल्याने तिचे भोजनगृह गजबजलेले राहिले. याच संकुलात हेल्मुट यान यांचे लांबलचक वसतिगृहही २००३ मध्येच उभे राहिले, आणि २०१८ मध्ये जॉन रोनन यांची फुगीर पारदर्शक पटलांनी मढवलेली कॅप्लान इन्स्टिट्यूट.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने वेगळा मार्ग धरला. वास्तुकार लुई कान यांच्या विटांच्या संकुलाला हात न लावता रस्त्यापलीकडे उघड्या काँक्रीटमध्ये नवे संकुल बांधले गेले. दोन्ही संकुले रस्त्याखालच्या भुयारी मार्गाने जोडली आहेत.