‘नाशिक’ शोधले की ‘नाशकात’ सापडत नाही: मराठी ई-पुस्तकातील अक्षरांविषयी

माझ्या वडिलांनी उमेदीची वर्षे नाशिकमधील एका छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि नेहमीच्या पुस्तकातील बारीक टाइप त्यांना वाचवत नाही. म्हणून घरात ई-रीडर आला. पंचवटीतील आमच्या घराच्या गच्चीवर सकाळच्या उन्हात बसून ते त्यावर मोठ्या अक्षरांत वाचतात. त्याच उन्हात मी मोबाइल उघडला, तर मला त्यात स्वतःच्या चेहऱ्यापलीकडे फारसे काही दिसत नाही.

असे होण्याचे कारण प्रकाशाच्या हिशेबात आहे. भर दुपारी मोकळ्या जागी पडणारा सूर्यप्रकाश सुमारे १,००,००० लक्स असतो, तर घरात दिव्याखाली आपण जेमतेम काहीशे लक्समध्ये वावरतो. मोबाइलचा पडदा स्वतःचा प्रकाश डोळ्यांकडे पाठवतो आणि उन्हात त्या प्रकाशाला काचेवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाशी झुंजावे लागते. ई-रीडरचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरून आलेलाच प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे ऊन जितके कडक, तितके पान उजळ दिसते.

या पडद्याला इलेक्ट्रॉनिक शाई म्हणतात आणि हे नाव अगदी सार्थ आहे, कारण त्यात खरोखरच रंगद्रव्ये असतात. पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांचा एक थर पसरलेला असतो. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात धन विद्युतभार असलेले पांढरे व ऋण विद्युतभार असलेले काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांसाठी टायटॅनियम डायॉक्साइड वापरतात, जे भिंतींच्या पांढऱ्या रंगातही असते. कुपीखालच्या विद्युतअग्राला धन भार दिला की पांढरे कण वर ढकलले जातात आणि तेथे पांढरा ठिपका दिसतो. भार उलटा केला की काळे कण वर येतात. अशा लक्षावधी ठिपक्यांमधून अक्षर उमटते. एकदा वर आलेले कण वीज बंद केली तरी जागचे हलत नाहीत. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना, आणि म्हणूनच ई-रीडर एकदा चार्ज केला की कित्येक दिवस, काही वेळा कित्येक आठवडे चालतो.

या कल्पनेचा जन्म अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये झाला. जोसेफ जेकबसन, बॅरेट कॉमिस्की, जे. डी. अल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ई इंक ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी या शाईविषयीचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. हा पडदा बसवलेला सोनीचा वाचक-यंत्रसंच २००४ साली जपानमध्ये विक्रीस आला, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनच्या किंडलने तो घरोघरी पोहोचवला. आज बहुतेक कंपन्यांच्या ई-रीडरमध्ये याच जातीचा पडदा असतो.

या तंत्राच्या मर्यादाही त्याच्या रचनेतूनच येतात. कण द्रवातून सरकायला वेळ लागतो, म्हणून या पडद्यावर चलच्चित्र नीट दिसत नाही. आणि काही कण मागे रेंगाळले की आधीच्या पानाची पुसट सावली राहते, ती घालवण्यासाठी पडदा अधूनमधून पूर्ण काळा-पांढरा होऊन लखलखतो. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा द्रव दाट होतो आणि कणांची चाल आणखी मंदावते. यंत्र तापमान मोजून विजेचे ठोके त्यानुसार बदलते. यातली कोणतीही गोष्ट वडिलांच्या वाचनाच्या आड आली नाही. आड काय आले, ते पुढे सांगतो. त्याआधी कागद आणि पडदा यांच्या वादाचा निकाल संशोधनाने कुठवर लावला आहे तेवढे पाहू.

वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो एका ठिकाणी सेकंदाच्या सुमारे पाव भागाइतका थांबतो आणि मग पुढे उडी मारतो. फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लक्षात आले. या उड्या कागदावर आणि चांगल्या पडद्यावर साधारण सारख्याच असतात. फरक आकलनात पडतो का, हे तपासणाऱ्या २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली स्पेनमधील संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला आणि त्यात एकूण १,७०,००० हून अधिक वाचकांची माहिती होती. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचे बंधन असताना, कागदावर थोडा अधिक चांगला समजतो, असे त्यात दिसले. कथात्म मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. नॉर्वेतील ॲन मँगन यांच्या गटाने २०१९ साली ५० वाचकांना एकच दीर्घकथा दिली होती, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखेच उतरले, पण कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, हे सांगण्यात छापील पुस्तक वाचणारे सरस ठरले. पुस्तकाची डावीकडची थप्पी वाढते आणि उजवीकडची घटते, हे हातांना सतत कळत असते. स्मरणाला तो आधार मिळत असावा, असे त्या संशोधकांना वाटते. मला हे पटते, कारण एखादे वाक्य डाव्या पानावर खालच्या बाजूला होते, हे मला कित्येकदा ते वाक्य कोणते याच्याही आधी आठवते.

झोपेविषयी एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. रात्री ई-पुस्तक वाचल्याने झोप उशिरा लागते, हा निष्कर्ष ज्या अमेरिकी प्रयोगातून सर्वत्र पसरला, त्यात १२ जण होते आणि त्यांच्या हाती स्वयंप्रकाशी टॅबलेट होता. प्रकाश परावर्तित करणारा पडदा नव्हता. अलीकडच्या ई-रीडरमध्ये पानाच्या कडेला बारीक दिवे असतात हे खरे, पण त्यांचा प्रकाश पानावर पडून मग डोळ्यांकडे येतो आणि तो मंदही करता येतो.

वडिलांची अडचण वेगळीच होती. त्यांच्या एका दिवंगत मित्राने गोदाकाठच्या जुन्या नाशिकविषयी लिहिलेले आठवणींचे पुस्तक त्यांना वाचायचे होते. ते आता छापील मिळत नाही; लेखकाच्या मुलीने मोठ्या मायेने तिच्याकडची संगणकावरची फाइल पाठवली. ई-रीडरवर ती उघडली, तर पानभर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंसांचा निरर्थक गुंता दिसला. मग तिने छापील प्रतीची पाने स्कॅन करून पीडीएफ पाठवली. ती उघडली, पण अक्षर मोठे करायला गेले की अख्खे पानच मोठे होऊन पडद्याबाहेर जायचे आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे ओढावे लागायचे. दहा मिनिटांत वडिलांनी यंत्र बाजूला ठेवले.

या दोन फाइलींमध्ये काय बिघडले होते ते समजून घेतले, तर मराठी ई-पुस्तकाची खरी अडचण समजते.

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतात. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, हलन्ताचा २३८१ आणि ‘ष’चा २३५९, हे तीन क्रमांक ओळीने आले की ‘क्ष’ हे जोडाक्षर काढायचे, हे काम फॉन्ट आणि त्यामागची आज्ञावली करते. ‘कि’ लिहिताना आपल्याला वेलांटी आधी दिसते, पण साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर येते, कारण उच्चार त्या क्रमाने होतो. ‘अर्क’मधला रफार दिसतो ‘क’च्या डोक्यावर, पण साठवला जातो ‘क’च्या आधी. खिळे जुळवणाऱ्या वडिलांना हे ऐकून फार नवल वाटले. त्यांच्या हाताखाली देवनागरीचे शेकडो निरनिराळे खिळे असत आणि डोळ्याला जे जसे दिसते तसेच ते जुळवावे लागे.

युनिकोड रुळण्याआधी मराठीत संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली होती आणि तिने खिळ्यांचीच रीत उचलली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे, म्हणजे कुठे काना, कुठे अर्धा ‘त’, कुठे वेलांटी, आणि ते दिसतील त्या क्रमाने मांडायचे. छापून आलेले पान सुंदर दिसे, पण फाइलीत ‘क’ नसेच. ‘क’सारखा दिसणारा एक तुकडा आणि त्याचा रोमन क्रमांक, एवढेच असे. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मूळ रोमन चिन्हे उघडी पडतात. मराठीतील कित्येक वर्षांची पुस्तके पेजमेकरसारख्या, युनिकोड देवनागरी न समजणाऱ्या प्रणालीत अशीच तयार झाली आहेत. ती छापली गेली, विकली गेली, पण संगणकाच्या अर्थाने ती मराठीत लिहिलेलीच नाहीत.

स्कॅन केलेल्या पानाची गोष्ट त्याहून पुढची आहे. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात, पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ती ब्राह्मी अक्षरे आजही भिंतीवर स्पष्ट आहेत. पण जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७च्या सुमारास ब्राह्मी उलगडेपर्यंत तेथे येणाऱ्या माणसांना त्यातले एकही अक्षर लागत नव्हते. स्कॅन केलेल्या पानापुढे संगणकाची अवस्था त्या माणसांसारखी असते. आकृत्या आहेत, अक्षरे नाहीत. अक्षरे ओळखणारी आज्ञावली वापरता येते, पण देवनागरीची शिरोरेखा शब्दातली सगळी अक्षरे एका दोरीत ओवून टाकते, म्हणून अक्षरे सुटी करणे अवघड जाते, आणि जुन्या छपाईत ‘घ’चा ‘ध’ व ‘भ’चा ‘म’ सर्रास होतो.

ई-पुस्तकाचा ईपब हा प्रकार, जो २००७ साली प्रमाण म्हणून स्वीकारला गेला, त्यात पान आधी ठरलेले नसते. अक्षर मोठे केले की ओळी नव्याने मांडल्या जातात, आणि वडिलांना हवे होते ते हेच. पण त्यासाठी मजकूर क्रमांकांच्या रूपात, खऱ्या अर्थाने अक्षरांत असावा लागतो. अंध वाचकांसाठी तर हे अत्यावश्यक आहे, कारण पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली चित्रातून काहीच बोलू शकत नाही. अंधांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. ते वर्ष होते २०१४. करार झाला, कायदाही त्याआधीच २०१२ साली दुरुस्त झाला. मात्र चित्ररूपातल्या पीडीएफचे मजकुरात रूपांतर करण्याचे कष्ट कोणीतरी घ्यावेच लागतात.

युनिकोडमध्येही मराठीची काही खास वळणे आहेत. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचे सांगायचे, हा फरक ज्या अर्ध्या ‘ऱ’वर तोलला आहे, तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, त्याआधी आणि अनेकदा नंतरही तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला गेला. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला निराळे. त्यामुळे ‘ॲप’ शोधले तर निम्मी ‘ॲप’ हाती लागत नाहीत. त्याहून मोठी अडचण मराठीच्या सामान्यरूपाची. ‘पाणी’ शोधले की ‘पाण्यात’ सापडत नाही, ‘रस्ता’ शोधले की ‘रस्त्यावर’ निसटते, आणि ‘नाशिक’ शोधले की ‘नाशकात’ दिसत नाही. जुन्या नाशिकविषयीच्या पुस्तकात तर लेखक जवळपास प्रत्येक वेळी ‘नाशकात’च लिहितो. विभक्ती ओळखून मूळ शब्द काढणारी आज्ञावली मराठीसाठी तयार करता येते, तसे प्रयत्नही झाले आहेत, पण ई-रीडरच्या शोधात ती सोय मला अद्याप मिळालेली नाही. मला ती अक्षराच्या देखणेपणाइतकीच महत्त्वाची वाटते.

हक्कांचाही प्रश्न आहे. विकत घेतलेले ई-पुस्तक बहुतेक वेळा परवान्यावर मिळालेले असते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’च्या काही प्रती, विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या आणि पुढे त्याबद्दल माफी मागितली. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून घरी आणलेले पुस्तक रात्रीतून असे नाहीसे होत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले होते, म्हणजे १९६४ पर्यंत निधन झालेल्या मराठी लेखकांचे असे लेखन आज कोणीही अक्षरबद्ध करू शकतो. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक हेच काम पानापानाने करतात, आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

आठवणींच्या त्या पुस्तकासाठी आम्ही लेखकाच्या मुलीची परवानगी घेतली. जुन्या फॉन्टची फाइल रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून काढली, तेव्हा मजकूर आला, पण रफार भलत्याच अक्षरांवर बसलेले आणि पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटलेल्या. रोज सकाळी वडील गच्चीवर ई-रीडरवर दोन-तीन पाने वाचतात आणि चुकलेल्या जागा वहीत टिपतात; त्यांच्या खुणा आजही मुद्रितशोधनाच्याच असतात, समासात गाळलेल्या अक्षरासाठी काकपद आणि उलट्या क्रमासाठी वळसा. संध्याकाळी मी त्या दुरुस्त्या फाइलीत करतो. काल सातवे प्रकरण संपले, सरकारवाड्याजवळच्या पुराचे. अजून नऊ राहिली आहेत.