रील की हॉर्नपाइप : टिन व्हिसल शिकणाऱ्याची एक हमखास गल्लत

टिन व्हिसलवर, म्हणजे सरळ धरून फुंकायच्या धातूच्या लहान बासरीवर, आयरिश धुना वाजवायला शिकणाऱ्याची पहिली मोठी गल्लत सहसा बोटांची नसते, मोजणीची असते. जिग या नाचाच्या धुनेच्या बाबतीत ती फारशी होत नाही, कारण जिगमधले तीन-तीन स्वरांचे गट कानाला लगेच कळतात आणि दादरा ऐकत वाढलेल्या माणसाला तर ते ओळखीचेच वाटतात. खरा गोंधळ होतो तो रील आणि हॉर्नपाइप या नाचाच्या धुनांच्या दोन प्रकारांत. दोन्हींच्या एका बारमध्ये, म्हणजे मोजणीच्या एका खंडात, चार मात्रा असतात आणि प्रत्येक मात्रेत दोन, असे एकूण आठ स्वर असतात. आठ बारचा पहिला भाग दोनदा आणि तेवढाच दुसरा भाग दोनदा, असा ३२ बारचा फेराही दोन्हींकडे आढळतो, जरी काही रील्समध्ये हे भाग एकेकदाच वाजवले जात असले तरी. त्यातून दोन्ही प्रकारच्या असंख्य धुना डी किंवा जी या मेजर स्केलमध्ये असल्यामुळे सहा छिद्रांच्या, डी सुराच्या नेहमीच्या व्हिसलवर त्या सारख्याच सहजपणे बसतात. नोटेशनमध्येही पुष्कळदा दोन्ही एकसारख्या सरळ ओळीत लिहिलेल्या असतात, आणि वरचे नाव हाताने झाकले तर नवख्याला कोणती धून कोणत्या जातीची, हे सांगणे अवघड जाते.

फरक आहे तो त्या आठ स्वरांना वेळ कसा वाटून दिला जातो, यात. रीलमध्ये स्वर जवळजवळ सारख्या लांबीचे असतात आणि वाजवणाऱ्याचा पाय बारमध्ये दोनदाच पडतो, म्हणजे एका ठोक्यात चार स्वर वाहून जातात. हॉर्नपाइपमध्ये स्वरांच्या जोड्या पडतात आणि प्रत्येक जोडीतला पहिला स्वर लांब, दुसरा आखूड होतो, त्यामुळे चारही मात्रांना स्वतंत्र वजन येते आणि चाल डोलत, थोडी ठसक्यात पुढे सरकते. काही संग्राहक हे दाखवण्यासाठी पहिल्या स्वरापुढे टिंब देतात. नोटेशनच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ तीनास एक असा होतो, आणि माझ्या मते शिकणाऱ्याची सर्वांत जास्त दिशाभूल हे टिंबच करते. त्याचे शब्दशः पालन केले की धून अडखळत, उड्या मारत चालल्यासारखी वाटते. प्रत्यक्षातले प्रमाण दोनास एकच्या आसपास असते आणि त्याचा पुरावा धुनेतच सापडतो. हॉर्नपाइपमध्ये एका मात्रेत तीन स्वर बसवणाऱ्या त्रयी ठिकठिकाणी येतात. मात्रेचे असे तीन भाग पडतात हे एकदा लक्षात आले, की शेजारच्या जोडीतला लांब स्वर त्यांतले दोन भाग घेतो आणि आखूड स्वर एक, हे आपोआप कळते.

गतीचाही फरक आहेच. पायाचा ठोका बारमध्ये दोनदा धरला, तर मैफलीतली रील मिनिटाला ढोबळमानाने १०० ते १२० ठोक्यांच्या गतीने चालते आणि हॉर्नपाइप ७० ते ९० च्या दरम्यान. ११० ठोके म्हणजे मिनिटाला ४४० स्वर, अर्थात सेकंदाला सातांहून अधिक. इतक्या वेगात लांब-आखूड करायला जागाच उरत नाही, आणि म्हणून रीलमधली असमानता अगदी पुसट होते, पूर्णपणे नाहीशी मात्र होत नाही. यातूनच सरावातला एक फसवा प्रसंग उद्भवतो. नवशिका रील शिकताना ती अर्थातच संथ लयीत वाजवतो, संथ लयीत स्वरांच्या जोड्या डोलू लागतात, आणि महिनाभर घोटलेली रील प्रत्यक्षात हॉर्नपाइप होऊन बसते. पुढे गती वाढवायला गेले की ती डोलण्याची सवय पायात दोरी अडकावी तशी अडवते. म्हणून रीलचा संथ सरावसुद्धा स्वर समान ठेवून आणि बारमध्ये दोनच ठोके धरून करावा. उलट हॉर्नपाइप उत्साहाच्या भरात पळवली, तर तिचा डौल सपाट होतो आणि हाती उरते ती एक संथ, निर्जीव रील.

हा फरक फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, धनुकलीच्या दाबाने आणि अकॉर्डियनवर भात्याच्या झटक्याने दाखवता येतो. व्हिसलवर ती सोय नाही. तिच्या मुखाशी हवेचा मार्ग कायमचा कोरून दिलेला असतो, त्यामुळे एखाद्या स्वरावर जोर द्यावा म्हणून फुंक वाढवली तर स्वर आधी चढतो आणि मग थेट वरच्या सप्तकात उडी घेतो. बासरीवाला ओठांचा कोन बदलून तो चढ सावरू शकतो, व्हिसलवाल्याला सावरायला काहीच हाताशी नसते. म्हणजे वजन दाखवण्यासाठी उरतात तीन साधने, ती म्हणजे स्वराची लांबी, जिभेचा स्पर्श आणि बोटांची अलंकारिक हालचाल. रील आणि हॉर्नपाइप या वाद्यावर वेगळ्या वाटतात त्या या तीन गोष्टींच्या वेगळ्या वाटणीमुळे.

अलंकारांबद्दल आपल्याकडच्या श्रोत्याने एक पथ्य पाळायला हवे. वरचे बोट क्षणभर उचलून स्वर तोडण्याला कट म्हणतात, आणि खालचे बोट छिद्रावर क्षणभर आपटण्याला टॅप म्हणतात. आपल्या कानाला कट हा कणस्वरासारखा वाटतो आणि आपण तो गोडीने, स्वर ऐकू येईल असा लावतो. तिथेच बिघडते. आयरिश वादनात कटचा स्वर ओळखू येता कामा नये, तो केवळ दोन स्वरांमधली टिचकी असते. एकच स्वर धरून आधी कट आणि मग टॅप देत त्याचे तीन तुकडे केले, की तीन अर्ध्या मात्रांचा लांब रोल होतो, आणि रीलचा प्राण बऱ्याच अंशी या रोलमध्ये असतो. जीभ न लावता, एका श्वासात, प्रवाह न तोडता तो वाजतो. हॉर्नपाइपमध्येही रोल येतात, पण तिथे मान आहे तो त्रयींचा. दोन स्वरांमधले अंतर मधल्या स्वराने भरून काढणारी त्रयी सर्वांत सोपी. ‘हार्वेस्ट होम’ या प्रसिद्ध हॉर्नपाइपच्या दुसऱ्या भागात एकाच स्वराच्या त्रयी पुन्हा पुन्हा येतात, त्या मात्र ‘तु-कु-तु’ अशा जिभेच्या बोलांनी स्वच्छ सुट्या काढाव्या लागतात. रीलमध्ये जीभ कमी आणि हॉर्नपाइपमध्ये जास्त, असा ढोबळ नियम त्यावरून करता येईल, पण तो ढोबळच आहे. क्लेअर परगण्यातल्या डूलिनचे मिको रसेल (१९१५–१९९४) मोजके अलंकार आणि जिभेचा ठसठशीत वापर यांवर आपले वादन उभे करत, तर १९७९ मध्ये पहिला अल्बम काढणाऱ्या मेरी बर्गिन यांच्या रील्समध्ये रोलची दाट, अखंड वीण ऐकू येते. दोघांचीही रील रीलच राहते.

भागाचा शेवट हीदेखील ओळखीची एक चांगली खूण आहे. हॉर्नपाइपचे भाग बहुधा पूर्ण एकेका मात्रेच्या तीन ठाम स्वरांवर संपतात, जणू नाचणाऱ्याने तीनदा पाय आपटून थांबावे. रीलचा शेवट अनेकदा थांबत नाही, तो पुढच्या भागात ओघळतो. व्हिसलवाल्याला याचा थेट परिणाम श्वासात जाणवतो. हॉर्नपाइपमध्ये त्या तीन स्वरांच्या आसपास दम घेता येतो, तर रीलमध्ये एखादा कमी महत्त्वाचा स्वर गाळून किंवा लांब स्वर तोडून श्वासाची जागा स्वतः कोरावी लागते.

हे वेगळेपण नाचातून आले आहे. रील स्कॉटलंडहून अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये आली आणि तिथे इतकी रुजली की आज मैफलीत सर्वाधिक वाजते ती हीच. ‘मिस मॅक्लाउड्स रील’सारख्या धुनेचा स्कॉटिश उगम तिच्या नावावरूनच कळतो. हॉर्नपाइप इंग्लंडची. तिथे सतराव्या शतकात ती तीनच्या मोजणीत वाजत असे, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने आजची चारची मोजणी घेतली. आयर्लंडमध्ये ती एकट्या नर्तकाने पदन्यासाचे कसब दाखवण्याचा नाच म्हणून वाढली, आणि आजही स्पर्धांमध्ये ती टणक तळाच्या, वाजणाऱ्या बुटांनीच नाचतात. पायांचा प्रत्येक आघात ऐकू यायचा, तर संगीताने त्याला जागा सोडायलाच हवी. रील प्रामुख्याने मऊ बुटांची आहे. टणक बुटांनी नाचायची ट्रेबल रील असते, पण तो अपवाद.

केवळ नावावर मात्र विसंबू नये. अमेरिकेतल्या जुन्या फिडल परंपरेत ‘फिशर्स हॉर्नपाइप’ ही धून सर्रास भरधाव, समान स्वरांत, म्हणजे रीलसारखीच वाजवतात, आणि तिथे तिला कोणी चुकीची म्हणत नाही. आयरिश मैफलीत तीच धून कोणी सुरू केली, तर सुरुवात करणाऱ्याचा पाय कसा पडतो हे पाहावे, पहिले चार बार नुसते ऐकावेत आणि मगच व्हिसल ओठांना लावावी.