एक बर्फ कापायचा, दुसऱ्यावर तरंगायचं

डोंगरावर भुरभुरणाऱ्या हिमालाही मराठीत आपण बर्फच म्हणतो आणि गोठून दगड झालेल्या पाण्यालाही बर्फच. स्की करणाऱ्याला एवढी उधळमाधळ परवडत नाही. नुकत्याच पडलेल्या हलक्या हिमाचं, म्हणजे पावडरचं, वजन घनमीटरला ५०-१०० किलो भरतं. घट्ट बर्फाचं ९०० किलोच्या वर. पहिल्यात माणूस मांडीपर्यंत रुततो, दुसऱ्यावर पाय ठरत नाही. पायाला बांधलेल्या त्याच दोन फळ्यांनी हे दोन्ही पदार्थ सांभाळावेत अशी अपेक्षा असते, आणि गेली शंभर वर्षं स्की बनवणाऱ्यांची ओढाताण मुख्यतः इथेच चालली आहे.

गोठलेल्या उतारावर सगळा भरवसा कडेवर असतो. स्की कलवली की शरीराचं वजन पोलादाच्या एका बारीक रेषेवर येतं आणि ती रेषा बर्फात रुतली तरच वळता येतं. ती टिकून राहायची तर फळी लांबीच्या आसावर पिळता कामा नये आणि थरथरता कामा नये. कंबर, म्हणजे पायाखालचा अरुंद भाग, जितकी बारीक तितकी कड तळपायाच्या मध्याजवळ येते. कंबर रुंद असेल तर कड बाहेर सरकते आणि प्रत्येक वळणाला घोटा-गुडघा त्याची किंमत मोजतात. पावडरमध्ये यातलं काहीच लागत नाही. तिथे हवं क्षेत्रफळ, आणि आपणहून वर उचललं जाणारं टोक. ताठ, अरुंद फळीचं टोक खाली घुसलं की स्की थांबते, माणूस मात्र पुढे जात राहतो.

गंमत अशी की या दोन गरजांपैकी पावडरची गरज आधी ओळखली गेली. आधी बर्फाळ, तयार केलेले उतारच नव्हते. होतं ते रानातलं खोल हिम आणि त्यातून शिकारीला जाणारी माणसं. मध्य आशियातल्या अल्ताई पर्वतात शिकारी आजही स्प्रूसच्या आखूड, रुंद फळ्या तासतात आणि खालून घोड्याचं केसाळ कातडं लावतात. नॉर्वेतल्या डिगरवार्डेन इथे वितळत्या हिमातून २०१४ मध्ये एक स्की मिळाली आणि २०२१ मध्ये तिची जोडीदार. वय सुमारे १३०० वर्षं. ही दुसरी १८७ सेंमी लांब आणि १७ सेंमी रुंद. आजच्या चांगल्या पावडर-स्कीची कंबर ११-१२ सेंमी असते, हे लक्षात घेतलं म्हणजे ‘फॅट स्की’ला, म्हणजे रुंद स्कीला, नवा शोध म्हणताना जरा संकोच वाटतो.

मग फळी अरुंद का झाली? कारण वापर बदलला. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मॉर्गेडालचा सोंद्रे नोर्हेइम (१८२५-१८९७) उतारावर वळणं घेण्यासाठी आणि उड्या मारण्यासाठी स्की वापरू लागला. टाच घट्ट धरणारी बांधणी आणि मध्ये किंचित निमुळती फळी ही त्याच्या नावाशी जोडलेली देणगी. १८६८ मध्ये त्याने क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, प्रेक्षकांना थक्क केलं. १८८८ मध्ये नॉर्वेचा संशोधक-प्रवासी फ्रित्जोफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलँड ओलांडलं आणि युरोपभर याची हवा झाली. आल्प्सचे उतार मात्र नॉर्वेपेक्षा फार उभे. ऑस्ट्रियात लिलियनफेल्डला मातियास झ्दार्स्कीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी आखूड स्की आणि वेगळं तंत्र बसवलं.

लोकांची वर्दळ वाढली तसे उतार तुडवले जाऊ लागले. दिवसा वितळलेलं, दाबलेलं हिम रात्री गोठू लागलं. लाकडाची कड अशा पृष्ठभागावर काही दिवसांतच गोल होते. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने पोलादी पट्ट्यांच्या कडेचं पेटंट १९२६ मध्ये घेतलं. बर्फाळ उतारावरून घसरत असताना काठीच्या पोलादी टोकाने त्याला थोपवलं आणि तिथेच कल्पना सुचली, अशी हकिगत सांगतात. पट्ट्या तुकड्यातुकड्यांच्या होत्या आणि स्क्रूने बसवलेल्या. अखंड पट्टीने फळीची लवचीकता गेली असती. तुकडे उखडत, म्हणून माणसं सुटे तुकडे आणि स्क्रूड्रायव्हर बरोबर बाळगत. माझ्या मते स्कीच्या इतिहासात यापेक्षा मोठा बदल झालेला नाही; बर्फावर वेगात वळणं त्यानंतरच शक्य झालं.

पुढची उडी विमानांच्या कारखान्यातून आली. अमेरिकेत विमान-उद्योगात काम केलेल्या हॉवर्ड हेडने ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मधे लाकडी गाभा अशी स्की केली. सुरुवातीच्या जोड्या मोडल्या. १९५० मध्ये टिकाऊ मॉडेल बाजारात आलं. खोल हिमात ती इतकी सहज वळे की तिला ‘चीटर’ हे टोपणनाव पडलं. तीच स्की कडक बर्फावर मात्र थरथरायची. शेवटी स्पर्धेच्या मॉडेलमध्ये थरांच्या मधे रबर घालून ती थरथर मारावी लागली. तरी स्पर्धेत धातूची बाजी आधीच लागली होती: १९६० च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या ज्याँ व्युअर्नेने धातूच्या स्कीवर डाउनहिल, म्हणजे सर्वाधिक वेगाची शर्यत, जिंकली. मागोमाग फायबरग्लास आलं, आणि पुढची तीस वर्षं सगळ्यांच्याच स्की शर्यतपटूंच्या नमुन्यावर निघत राहिल्या: लांब, अरुंद, ताठ. दोन मीटरच्या फळ्या सामान्य हौशी माणूसही वापरत असे. त्यांवर पावडरमध्ये उतरणं म्हणजे कसरत. दोन्ही पाय चिकटवून ठेवायचे, म्हणजे दोन फळ्यांची मिळून एक होईल, आणि लयीत वर-खाली झुलत वजन हलकं करत वळायचं. ज्यांना जमलं त्यांना त्याचा अभिमान होता. बाकीचे तोंडावर पडत.

कॅनडात हान्स ग्मोझरने १९६५ मध्ये हेलिकॉप्टरने स्कीला नेण्याचा व्यवसाय सुरू केल्यावर असे पडणारे पाहुणे वाढले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ॲटॉमिक कंपनीच्या रुपर्ट हूबरने स्नोबोर्डकडे पाहून रुंद, म्हणजे फॅट, स्कीचा घाट घातला. ‘म्हाताऱ्यांची स्की’ म्हणून तिची टर उडवली गेली. टर उडवणाऱ्यांच्या पायातही ती पुढे आलीच.

त्याच सुमारास कडेच्या बाजूनेही क्रांती झाली. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीत युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच यांनी खोल कमरेची, म्हणजे टोकांना रुंद आणि मध्ये बारीक, एससीएक्स स्की घडवली. ती १९९३ मध्ये विक्रीला आली. आधीच्या स्कीच्या कडेचा वर्तुळाकार चाप ४० मीटरहून अधिक त्रिज्येचा, हिचा १५ मीटरच्या आसपास. कलवा, आणि फळी स्वतःच वळते. घट्ट उतारावर हे वरदान. पण रुंद टोक, रुंद शेपूट आणि बारीक कंबर घेऊन पावडरमध्ये गेलं की मधला भाग बुडतो आणि टोकं अडकतात.

हे उलटं करून पाहायचं धाडस शेन मॅककॉन्की या स्कीपटूने केलं. अलास्कातल्या खोल हिमात तो चक्क पाण्यावरच्या स्की बांधून उतरला. मग व्होलांट कंपनीने त्याच्या कल्पनेवरून ‘स्पॅचुला’ काढली: पायाखाली सगळ्यात रुंद, १२५ मिमी, टोकांकडे निमुळती, आणि नेहमीच्या स्कीसारखी मध्ये वर उचललेली कमान नसून होडीच्या तळासारखी खाली झुकलेली. पावडरमध्ये ती आडवी सरकते, बुडत नाही. बर्फावर तिची अवस्था केविलवाणी, कारण कडेचा जेमतेम पायाखालचा भागच टेकतो. त्याने स्वतः ती बर्फासाठी बनवलेलीच नव्हती.

आज मिळणाऱ्या बहुतेक स्की या दोन्ही टोकांच्या मधल्या तडजोडी आहेत: पुढे उचललेलं टोक, त्याला रॉकर म्हणतात, पायाखाली जुनी कमान, कंबर ८५ ते १०० मिमीच्या आसपास. शर्यतीची स्की मात्र वेगळ्याच जगात राहते. तिथले उतार मुद्दाम पाणी मारून गोठवलेले असतात आणि जायंट स्लॅलमच्या, म्हणजे रोवलेल्या दांड्यांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीच्या, स्कीची कंबर ६५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. खोल कमरेची स्की बर्फ इतका घट्ट धरते की गुडघे जायबंदी होतात, या काळजीने आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१२-१३ च्या हंगामात पुरुषांच्या जायंट स्लॅलमसाठी कडेच्या चापाची किमान त्रिज्या २७ वरून ३५ मीटर केली. अमेरिकेचा शर्यतपटू टेड लिगेटी याने त्यावर जोरदार टीका केली. मग त्याच नव्या स्कीवर त्याने ऑस्ट्रियातल्या सोल्डनची, हंगामातली पहिलीच, शर्यत २.७५ सेकंदांनी जिंकली. नियम २०१७-१८ मध्ये ३० मीटरवर आणला गेला.