तांत्रिक मदत आणि अध्यापनातील मदत: घरून शिकवणाऱ्या प्राध्यापकाला नेमके काय हवे असते?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि प्राध्यापकांना काही दिवसांतच घरून शिकवायला सुरुवात करावी लागली, तेव्हा अनेक संस्थांनी त्यांच्या हाती एक मदतक्रमांक दिला आणि दोन तासांचे प्रशिक्षण उरकले. त्या घाईत तेवढेच शक्य होते. पण पुढे 'तांत्रिक मदत' आणि 'अध्यापनातील मदत' या दोन गोष्टी एकच मानल्या जाऊ लागल्या, आणि ही गल्लत आजही विद्यार्थ्यांना महागात पडते.

साधन चालू राहावे, हा तांत्रिक मदतीचा हेतू. गूगल मीटवरच्या तासाची लिंक उघडत नाही, आवाज तुटतो, मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम-प्रणालीवर गुण भरताना पान अडकते. अशा अडचणी नेमक्या शब्दांत सांगता येतात आणि त्यांचे उत्तर इतिहासाच्या व रसायनशास्त्राच्या शिक्षकाला सारखेच लागू पडते. तासापूर्वी दहा मिनिटे फोन उचलणारा जाणकार माणूस असला की भागते.

अध्यापनातील मदतीचे तसे नाही. सांख्यिकी शिकवणाऱ्या माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेने स्वयंपाकघरातले दोन उंच डबे समोरासमोर ठेवून त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकली होती आणि पट्टीवर मोबाईल कॅमेरा खाली वहीकडे राहील असा ठेवून खालच्या वहीत त्या गणिते सोडवत असत. चित्र स्पष्ट होते, आवाजही स्वच्छ होता. पण साठ विद्यार्थ्यांपैकी एकही उत्तर देत नव्हता. त्यांनी हे कळवले, तेव्हा त्यांचा माइक तपासण्यात आला. माइकमध्ये काहीच बिघाड नव्हता.

शेवटी एका अनुभवी सहकाऱ्याने त्यांचा तास पूर्ण ऐकला आणि सांगितले, "मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच स्वतःच उत्तर देता. वर्गात समोरचे चेहरे पाहून तुम्ही थांबत होतात, इथे चेहरेच दिसत नाहीत." पुढच्या तासाला त्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहायला सांगितले, मात्र खूण करेपर्यंत पाठवायचे नाही, अशी अट घातली. दोन मिनिटांनी उत्तरे एकदम आली, आणि निम्म्या वर्गाने मध्यक काढण्यापूर्वी आकडे चढत्या क्रमाने लावलेच नव्हते, हे त्यांना प्रथमच कळले.

अध्यापनासाठी अशी वेगळी मदत लागते, ही जाण दूरशिक्षणात जुनी आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अनेक पाठ्यपुस्तकांत लेखकाबरोबर अनुदेशन तंत्र संपादकाचेही, म्हणजे मजकूर शिकण्याजोगा कसा मांडावा हे पाहणाऱ्याचेही, नाव छापलेले आढळते. 2017 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या अभ्यासक्रमांतही व्हिडिओ हा चारांपैकी एकच भाग असतो. वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच हे उरलेले तीन. हे तीन भाग उभे करण्यासाठी सत्र सुरू होण्याआधी काही आठवडे आणि त्या विषयाचे अध्यापन जाणणारा जोडीदार लागतो. माझ्या मते, विद्यापीठांनी त्यासाठी वेगळे पद आणि कार्यभारात वेगळे तास धरायला हवेत.

काही अडचणी वरवर तांत्रिक दिसतात, म्हणून गफलत होते. "विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ चालत नाही," ही तक्रार घ्या. फाइल लहान करून देणे हे तांत्रिक उत्तर झाले. पण गावात रेंज नसेल आणि रोजचा डेटा दुपारीच संपत असेल, तर त्या घटकाला व्हिडिओ खरोखर हवा आहे का, की दोन पानांची टिपणे आणि दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण पुरेल, हे ठरवताना प्राध्यापकाला अध्यापन जाणणाऱ्याचीच सोबत लागते.